वजा तीस टक्के

४ मार्च, मंगळ.
आईंनी (निखिलच्या) आज बटरची दहा पाकिटं आणली. एकट्या गेल्या, एकट्या आल्या. ड्युसेलडॉर्फला आल्यापासूनची पहिली स्वतंत्र खरेदी. चेहरा फुललेला. "अगं, वजा तीस टक्के! एवढी मोठी लाल पाटी होती. आता बघच, वर्षाचं तूप कढवून ठेवते." फ्रिजमध्ये जागा नाही. लेकीची, इराची, दह्याची डबडी बाहेर.
मी "वा, वा" म्हटलं. पण गेल्या महिन्यात हेच बटर याच भावाने घेतलंय मी. तेव्हा पाटीबिटी काही नव्हती. मग तीस टक्के गेले कशातून?
आणि ती पाटी निघते आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून.

५ मार्च
ऑफिसात आल्या आल्या बटरच्या भावाचा इतिहास उघडला. तेच. मध्ये काही दिवस भाव चढवला, मग पुन्हा होता तिथे आणला आणि त्याला म्हटलं सूट. नियम साधा आहे इथला: सूट सांगायची तर मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत कमी भावावरून मोजायची. आमचा प्रोग्रॅम तसंच मोजायचा. जानेवारीत सेटिंग बदललंय. आता टक्के निघतात चढवलेल्या भावावरून. खरा कमी भाव पाटीच्या तळाशी, मुंगीने वाचावा इतका बारीक.
काट्रिनला, म्हणजे माझ्या टीमलीडला, विचारलं. "आल्झो... म्हणजे, क्लायंटला तसं हवंय. खाली लिहिलेलं आहे ना सगळं." पुढे विषयच बदलला.

७ मार्च
आत्तापर्यंत हे थोड्याच दुकानांत होतं. ईस्टरच्या आधी क्लायंटच्या सगळ्या दुकानांत लावायचंय. काम माझ्याकडे. मंगळवारी क्लायंटबरोबर मीटिंग, तिथे मी "तयार आहे" म्हणायचं.
माझी प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन, महिनाअखेरीला संपते. तोवर कारण न देता काढू शकतात. निखिलची नोकरी जानेवारीत गेली. म्हणजे घर माझ्या पगारावर, आणि सगळ्यांचा इथला मुक्कामही माझ्याच नोकरीवर.
नि. भांडी लावता लावता म्हणाला, "एप्रिल उजाडू दे. मग काय ते बोल."
तो चुकीचं सांगत नाहीये. हाच तर त्रास आहे.

९ मार्च, रवि.
आईंना सांगून टाकलं. त्या व्हिडिओ कॉलवर नणंदबाईंना बटरचं कौतुक सांगत होत्या, मला ऐकवेना. फोन ठेवल्यावर सांगितलं. त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. मग, "म्हणजे फसवलंच की मला. तुला माहीत होतं?"
"या आठवड्यातच कळलं, आई."
इरा तिकडून, "आजी, दास इस्ट डोख गेलोगेन!"
"काय म्हणते ती?"
"खोटं आहे म्हणते."
"मग बरोबर म्हणते." मग हळूच: "बोललीस तर नोकरी जाईल का गं?"
म्हटलं, जाऊ शकते.
"मी तुला बोल म्हणणार नाही, गप्प बस असंही म्हणणार नाही. पण ती सुरी ठेव खाली. मघापासून लक्ष नाहीये तुझं, बोट कापून घेशील."

११ मार्च, मंगळ.
बोलले.
ठरवलेलं नव्हतं. क्लायंटच्या मार्केटिंगच्या बाई स्क्रीनवर, काट्रिन शेजारी. बाईंनी विचारलं, कधी लावताय? मी म्हटलं, लावता येईल, पण मी "तयार आहे" म्हणणार नाही. ही सूट, सूट नाहीये. जर्मन वाक्यात क्रियापद शेवटी यायचं, ते आलंच नाही. उरलेलं इंग्रजीत. "माझ्या सासूबाईंनी दहा पाकिटं घेतली" हेही बोलून बसले!! कशाला ते?
मग बाई, "आम्ही हे आमच्यात बोलतो." स्क्रीन बंद. काट्रिन फक्त "नंतर बघू" म्हणाली आणि उठून गेली.
नि.ला सांगितलं. चिडेल वाटलं होतं. बाल्कनीत जाऊन उभा राहिला थोडा वेळ. आत आला तो, "चहा टाकू?"

१३ मार्च
काट्रिन जेवायला सोबत येत नाही. नोकरी गेली तर इथे किती दिवस राहता येतं, ते परदेशी लोकांच्या ऑफिसच्या साइटवर वाचायला घेतलं. अर्ध्यात बंद केलं.

१४ मार्च, शुक्र.
सुटले!
काट्रिनने छोट्या मीटिंगरूममध्ये बोलावलं. दार लावलं तेव्हा वाटलं, संपलं. तर म्हणाली, क्लायंटच्या वकिलांनी सगळं थांबवलंय. त्यांना आधीपासून शंका होती, मार्केटिंगवाले दाद देत नव्हते. मंगळवारनंतर दिली. सेटिंग पूर्ववत, सगळीकडे, आजच.
मग बराच वेळ पेनाशी चाळा. "जानेवारीत मीच विचारायला हवं होतं."
मी म्हणाले, "गेनाऊ", म्हणजे "बरोबर आहे". अगदी नको तिथे! आणि मग दोघी जे हसत सुटलो.
सेटिंग मीच बदललं. ट्राममध्ये रडू फुटलं. समोरच्या आजोबांनी काही न विचारता टिश्यूचं पाकीट पुढे केलं. घरी येऊन आईंना मिठी मारली. "अगं अगं, हात पिठाचे आहेत माझे!"
नि. कितीतरी दिवसांनी शिट्टी वाजवत होता.

२१ मार्च
क्लायंटची नवी मागणी: ॲपवाल्या ग्राहकांना वेगळा, कमी भाव. मग तीस दिवसांतला सर्वांत कमी भाव कोणता धरायचा? त्यांचा की सगळ्यांचा? काट्रिन खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. "तुला काय वाटतं?" म्हटलं, मला नाही माहीत. आधी वकिलांना विचारू, मग कोड लिहू. तिने तसंच कळवलं.
सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलंय. विषय: प्रोबेत्साइट. काट्रिनने माझ्याबद्दल चांगलं लिहून दिलंय म्हणे, पण निर्णय तिचा नाही. तिलाही काही सांगितलेलं नाही.
धाकधूक आहेच. पण जेवण जातंय, झोप लागतेय. उद्या ऱ्हाईनवर जायचं, आईंना बोटीत बसायचंय. इरा म्हणते तिला वरच्या डेकवरच बसायचं, कितीही गार असो.
सोमवारी तो निळा कुर्ता घालावा का? नि. म्हणतो, घाल.