दिवेलागणीपर्यंत पाणी नाही

आई, काल दहावीच्या एकाच तासाला दोनदा खडू खाली ठेवून मला वर्गाबाहेर पळावं लागलं. दुसऱ्यांदा शिक्षिकांच्या बाथरूमपर्यंत पोचण्याआधीच उशीर झाला होता. मी हल्ली गडद साड्याच का नेसते, हे तुला सांगायला नको. लघवी लागली की लागलीच, दोन मिनिटांचीही सवलत नाही. खोकले की थेंब, हसले की थेंब. म्हणून मी हसणं कमी केलंय, आणि मुलांना वाटतं बाई कडक झाल्या. शरीराचे कोणते वेग अडवू नयेत, याची जुन्या वैद्यांनी केलेली यादी मला कॉलेजपासून पाठ आहे. त्यात हाही आहे. पण तो अडतच नसेल तर काय करावं, याबद्दल त्या मंडळींनी मौन पाळलंय.

बोरिवलीची आपली चाळ आठवते. त्र्याऐंशी साल असेल, की चौऱ्याऐंशी. बारा खोल्या आणि गॅलरीच्या टोकाला तीन संडास. आपली खोली पहिली, म्हणजे टमरेल घेऊन तुला अकरा उघड्या दारांसमोरून जावं लागायचं. तू ब्लाउज शिवायचीस. मशीनचा आवाज मध्येच तुटला की मला कळायचं, तू उठलीस. कधी बाईचं माप घेता घेता टेप तिच्याच गळ्यात ठेवून निघायचीस. चौथ्या खोलीतली काकू सांगलीकडची, मोठ्या गळ्याची. एकदा ओरडली, "वैनी, मशीनच न्या की तिकडं! हेलपाटं तरी वाचतील!" सगळी गॅलरी हसली. तूही हसलीस, आणि हसल्यामुळे तुला पावलं आणखी भरभर उचलावी लागली. त्या दिवशी बादलीत तुझं लुगडं दुसऱ्यांदा भिजत पडलेलं मी पाहिलं. संध्याकाळी तू हळूच म्हणालीस, "डॉक्टराक दाखवया काय गो?" मी पेपर तपासत होते. नोकरी नवी, संस्कृतचा रुबाब त्याहून नवा. म्हटलं, "हे संपू देत, मग बघू." ते कधी संपले नाहीत. एक गठ्ठा संपला की दुसरा यायचा.

मग तू पाणीच सोडलंस. सकाळचा अर्धा कप चहा, त्यानंतर थेट रात्री जेवताना. विचारलं तर, "माका तहान नाय." आषाढातल्या दुपारी मी शाळेतून आले तर काकू आपल्या दारात कोकम सरबताचा पेला घेऊन उभी, आणि तू नको नको म्हणतेस. काकूचा चेहरा उतरलेला. "आमच्या हातचं चालत न्हाई तर सरळ सांगा, वैनी. ह्या चाळीत तरी असलं काही नसंल असं वाटलं होतं." ती बौद्ध, आपण कोकणातले मराठे. तुझ्या मनात तसलं काही नव्हतं, तिच्या घरचं मटण तू मागून खाल्लेलं. पण खरं कारण सांगायला तुझी जीभ रेटेना. तेव्हा मी चप्पल काढता काढता पुढे झाले. म्हटलं, "काकू, गैरसमज नको. आईचा चातुर्मासाचा नेम आहे. दिवेलागणीपर्यंत पाणी नाही." वर 'निर्जल', 'संकल्प' असे दोन शब्द जोडले. संस्कृत लावलं की खोटंही सोवळं दिसतं. काकू एकदम निवळली. "मग आधी बोलायचं न्हाई व्हय!"

दार लोटून तू माझ्याकडे बघितलंस. "ह्यां काय सांगलंस तू? आता चार म्हयने मी पाणी चोरून पिऊ?"

"तसंही तुला प्यायचं नव्हतंच ना," मी म्हणाले. मला ते विनोदी वाटलं होतं.

दोन दिवसांत चाळभर झालं. शेजारणी तुझ्या पाया पडू लागल्या. दिवसभर घरात कुणी ना कुणी ब्लाउज टाकायला बसलेलं, त्यांच्यापुढे तू माठाला हात कशी लावणार? काकू तर पोरांना दटावायची, "वैनींच्या म्होरं पाणी पिऊ नका रे." फेऱ्या मात्र कमी झाल्या नाहीत. लघवी थेंबभर यायची, पण जळत यायची, हे मला पुढे कळलं. भाद्रपदात कंबर धरून शिवायला लागलीस, मग थंडी वाजून ताप. दसऱ्यानंतर मशीनवरच कलंडलीस.

इस्पितळातला डॉक्टर माझ्याच वयाचा होता. जंतू मूत्रपिंडातून रक्तात गेलेत म्हणाला. "पाणी पीत नव्हत्या का? कोणी बंद केलं?" मी म्हणाले, "तिचा नेम आहे. ती कुणाचं ऐकतच नाही." तुझे डोळे उघडे होते. कोरड्या ओठांनी तू म्हणालीस, "व्हय, माझोच नेम." पाचव्या दिवशी तू गेलीस. काकू सगळ्यांना सांगत राहिली की वैनींनी जीव गेला तरी नेम मोडला नाही. मी तिला एकदाही अडवलं नाही.

आता घाटकोपरच्या घरात संडास झोपायच्या खोलीलाच लागून आहे, आणि केमिस्ट पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. गेल्या आठवड्यात मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई मोकळ्या बोलणाऱ्या. "पाणी तोडू नका हं मॅडम, पहिली चूक सगळ्या बायका तीच करतात. लघवी दाट झाली की आणखी टोचते. घड्याळ लावून जायचं, खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करायचा, चहा कमी. गोळीही आहे. बऱ्याच जणींना फरक पडतो." एवढंच होतं, आई. मी ऐकत बसले. मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला होता असा त्रास? आईला वगैरे?"

हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. मी त्यांना 'नाही' म्हणाले.