शनवारची चाल

लातूर, २० जुलै १९८२

ति. सिंधुअक्का हिस,
ज्ञानोबाचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडं सगळे खुशाल, पाऊस सोडून. आषाढ सरला तरी आभाळ कोरडंच. गल्लीत टँकर आला की पंचशीला घागर घेऊन पळते, अन् तिची आई मागून म्हणते की बी.ए.च्या पोरीनं जरा चालत जावं.

येत्या १६ ऑगस्टला लातूर जिल्हा होणार. चौकात कार्यक्रम आहे, आपल्या बँडला बोलावणं आलंय. आमचा क्लॅरिनेटवाला शरणप्पा म्हणतो, सिनेमाची चार गाणी वाजवू अन् घरी जाऊ. मला मात्र त्या दिवशी बाबांची शनवारची चाल वाजवायची हाय. नांदेडच्या रेल्वे क्लबात शनिवारी गोरे साहेब नाचायचे, तेव्हा बाबा सगळ्यात शेवटी सॅक्सोफोनवर वाजवायचे ती. सगळी जॅझच्या अंगाची, अन् मधेच आपली हलगी शिरलेली. ती कुठं लिहिलेली नाही. बाबांमागं मला एकट्यालाच पुरी येते. डॉक्टर म्हणतात छाती लई खराब झाली, फुंकणं सोडा. म्हणून एकदाच वाजवीन, पंचशीलाला ऐकवीन. तिचा कान बाबांचा हाय, एकदा ऐकलं की विसरत नाही.

बाबांचा सॅक्सोफोन तुझ्या लोखंडी पेटीत आहे. भीमजयंतीला आलो तेव्हा दोन सूर फुंकून पाहिले, ठणठणीत होता. जसा आहे तसा पाठव.

लोभ आहे तो दुष्काळात आटू देऊ नको.
तुझा,
ज्ञानोबा

नांदेड, २८ जुलै १९८२

चि. ज्ञानोबास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शुद्धलेखन पाहून तुझ्या तिसरीच्या मास्तरांची कीव आली. जिल्हा झाल्यावर नळाला पाणी येतं का, तेवढं कळव. आम्ही निजामाच्या वेळेपासून जिल्ह्यात राहतो, आमच्या नळाला आलेलं नाही. विष्णुपुरीला धरण बांधताहेत. ते भरेपर्यंत मी असले तर पोहायला शिकेन.

परवा त्या क्लबावरून गेले. आता ते सिमेंटचं गोदाम आहे. साहेबांचं पुढचं दार उघडं, आणि बाबांना ज्या मागच्या दारानं आत घेत, ते विटांनी बुजवलंय. पलीकडे बँजो पार्टीची तालीम चालली होती. मी थांबून सांगितलं की मुलांनो, हे बेसूर आहे. त्यातला एक म्हणाला की आजी, वरातीला कान नसतात, पाय असतात. त्याचा राग अजून आहे.

जसा आहे तसा पाठव म्हणतोस. आपल्या घरातून मळकी वस्तू बाहेर जात नसते. कॉन्व्हेंटात सिस्टर आग्नेस रोज सकाळी नखं तपासायच्या. सगळ्या वर्गात पहिली माझी, आणि पुष्कळदा फक्त माझी. का, ते तुला सांगायला नको. उद्या चौकात सगळं लातूर मारोतरावांच्या मुलाकडे बघणार. म्हणून मी सॅक्सोफोन दिवसभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवला, राखेनं घासला आणि टँकरच्या दोन घागरी ओतून कानाकोपऱ्यातून धुतला. शेजारच्या सरजाबाईंनी नाक मुरडलं की प्यायला पाणी नाही आणि बाई पिपाणी धुतेय. तीन दिवस कडक उन्हात वाळवलाय. सोन्यासारखा झालाय. एस.टी.चे कंडक्टर किशनराव घेऊन येतील.

विडी ओढू नकोस. माया कमी करणार नाही, पण त्यासाठी तू जिवंत राहायला हवंस.
तुझी,
सिंधुअक्का

लातूर, १८ ऑगस्ट १९८२

ति. अक्का हिस, सविनय जयभीम.

कार्यक्रम झाला. सॅक्सोफोन आरशावानी चमकत होता. लोक हात लावून बघत होते, अन् एका साहेबानं विचारलं की विलायतेहून मागवला का. मी सांगितलं की नांदेडहून, माझ्या बहिणीनं.

माझाच दम पुरला नाही. शरणप्पानं सिनेमाचं गाणं उचललं अन् वेळ निभावली. जिल्हा झाला. पाणी अजून टँकरनंच येतं.

दोन ओळींचं पत्र म्हणून रागावू नको. लोभ धरून राहा.
ज्ञानोबा

नांदेड, २५ ऑगस्ट १९८२

चि. ज्ञानोबास आशीर्वाद.

किशनरावांनी खरं काय ते सांगितलं. तू फुंकत राहिलास, आतून नुसती फुसफुस आली, आणि लोक हसले. बाबांचं वाद्य हातात घेऊन तू चौकात हसं करून घेतलंस. जमत नव्हतं तर मागितलास कशाला? विडी सोड म्हणून पंधरा वर्षं घसा कोरडा केला. त्या दोन घागरी मी प्यायले असते तर बरं झालं असतं.

ह्या पत्राचं उत्तर नको. तब्येत कळव.
अक्का

लातूर, १२ नोव्हेंबर १९८२

ति. सिंधुआत्या हिस,
पंचशीलाचा सविनय जयभीम.

पप्पा गेल्यानंतरचं सगळं नीट पार पडलं. तुम्ही परत गेल्यावर घर फार गप्प झालं आहे. तुम्ही सर्वांसमोर म्हणालात की त्यानं विडीपायी बाबांची चाल घालवली. तेव्हा मी बोलले नाही, कारण पप्पांनी शपथ घातली होती. पण त्यांना तो बोल लागू नये असं वाटतं, म्हणून शपथ मोडते.

सॅक्सोफोनच्या झाकण्यांखाली चामड्याच्या गाद्या असतात. त्या कोळानं आणि पाण्यानं फुगल्या, मग उन्हात आकसून कडक झाल्या. भोकं बंदच होत नव्हती. पप्पांना तो हाती येताच कळलं. ह्या भागात गाद्या बदलणारं कुणी नाही. शरणप्पाकाका म्हणाले की अक्कांना कळवा. पप्पा म्हणाले, तिनं पिण्याचं पाणी त्याच्यावर ओतलंय, तिला काय कळवायचं. त्यांना वाटलं, जोर लावला तर वाजेल. त्या दिवशी त्यांनी फार जोर लावला. त्यानंतर ते अंथरुणावरून उठले नाहीत. तुमचं रागाचं पत्र त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं आणि हसले. म्हणाले, शुद्धलेखनात एक चूक नाही.

शेवटी चाल गुणगुणायला दम नव्हता. हलगीचा तुकडा तेवढा त्यांनी खाटेच्या लोखंडावर बोटांनी वाजवून दाखवला. तो मला येतो.

मी बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. माया असू द्या.
पंचशीला

नांदेड, २० नोव्हेंबर १९८२

चि. पंचशीलास अनेक आशीर्वाद.

शपथ मोडलीस ते बरं केलंस.

पत्र आल्यापासून चार दिवस मी पेनला हात लावला नव्हता. मी चौदा वर्षांची असताना सुट्टीत घरी आले, तेव्हा बाबा नवी वही घेऊन माझ्यापुढे बसले होते. सिस्टरांनी मला पियानो शिकवला होता, पाच ओळींवर सूर लिहिता येत होते. बाबांना ते येत नव्हतं. म्हणाले, सिंधु, तेवढी शनवारची उतरवून दे. मी म्हणाले की आमच्या शाळेत असलं लिहीत नाहीत. त्यांनी वही ठेवून दिली. पुन्हा कधी मागितलं नाही.

वही पेटीच्या तळाशी होती. आता त्यात लिहायला बसले. सुरुवातीच्या सोळा मात्रांचे सूर उतरवलेत, ते बरोबर आहेत. पुढचं मला येत नाही. बाबा घरी ती चाल वाजवायचे तेव्हा हलगीचा भाग आला की मी उठून खिडकी लावून घेत असे, शेजारच्या मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून. मग आतल्या खोलीत जायची. पुढचं मी एकदाही ऐकलेलं नाही.

तुझ्याकडे हलगीचा ठेका आहे, तो तू येशील तेव्हा मांडून घेऊ. त्यावरचे सूर ज्ञानोबाबरोबर गेले. त्या ओळी कोऱ्या ठेवू. शरणप्पांना सांग, त्यांनी दुसरं काही आणून भरू नये.

परीक्षा झाली की ये. येताना सॅक्सोफोन आण. मी त्याला हात लावणार नाही.

तुझ्या मायेवर आता माझा हक्क किती, ते तूच ठरव.
तुझी आत्या,
सिंधु