नाना दमले

सोमवार
श्वास रोखून उभी होते, तेवढ्यात मोठ्या सिस्टर म्हणाल्या, सोड गं बाई, इथे बक्षीस नाही मिळत. सगळ्या हसल्या. पहिलाच दिवस. इथली रीत अशी: घशातल्या नळीतून कफ ओढायला व्हेंटिलेटर बाजूला केला की आपणही श्वास धरायचा. आपला जीव घाबरा झाला की पेशंटचाही झालाय असं समजून मशीन परत जोडायचं. घड्याळापेक्षा बरं. मला खाट चार मिळाली. नाना, निवृत्त पोस्टमन, दीड महिना मशीनवर. बोलता येत नाही, पाटीवर लिहितात. मला पाहून लिहिलं: नवीन टपाल आलं. चहा बरा आहे. मी खूश आहे.

बुधवार
कफ फार. दिवसभरात चौदा वेळा ओढला. चौदा वेळा श्वास धरला. पाय भरून आलेत. नानांची मुलगी म्हणाली, ताई, पलंग माडीवरून खाली आणलाय, आता तेवढा माणूस पाठवा. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारपासून रोज अर्धा तास मशीन काढून बघू. जमलं तर घरी.

गुरुवार
कफ ओढून झाला. श्वास सोडायला गेले, सुटेना. मशीन जोडलं तेव्हा सुटला. थकवा असेल. बदली माणूस नाही.

शुक्रवार
मशीन काढलं. नानांची छाती आपली आपण हलू लागली, संथ, छान. माझी हलली नाही. खाटेचा गज धरून चाळीस मोजले. मग मशीन जोडलं. तक्त्यावर लिहिलं: नाना दमले. नानांनी पाटीवर लिहिलं: मी ठीक होतो. मी ते पुसलं.

शनिवार
पुन्हा तसंच. साठ मोजले. नाना दमले, असं लिहिलं. मोठ्या सिस्टरना खरं सांगितलं, श्वास अडकतो तो माझा. त्या म्हणाल्या, दमायला सगळ्यांनाच होतं गं, सोमवारपर्यंत ढकल.

रविवार
तक्ता वाचून मुलगी रडली नाही. पलंग परत वर नेऊ का, एवढंच विचारलं. नाना बघत होते. पाटी मी कपाटात —

संध्याकाळी पाटी परत दिली. उद्या मशीन तुम्ही काढा, असं सिस्टरना सांगितलं. मी तिथे नको.

सोमवार, सकाळ
साडेआठला सिस्टरनी मशीन काढलं. मी बाहेर बाकावर. काचेतून दिसतंय. नाना नीट आहेत. मुलगी त्यांचा हात धरून हसते आहे.

एक मिनिट झालं. माझी नखं निळी.

दार वाजवलं तर मशीन जोडा म्हणून खुणावेन. म्हणून एका हातात वही, एका हातात पेन — अजून नीट आहेत — नानां