सासूबाईंच्या उशाखालची वही

बुधवार, मारतहळ्ळी, बंगळूर

सासूबाईंच्या उशाखाली ती वही आज परत दिसली. पुण्याहून आल्यापासून समोरच्या अक्कांकडे इंग्रजी शिकतायत, पण पाठ करतात ते नुसते हुकूम. माझ्यावरच सोडायचे असणार! विचारलं तर म्हणाल्या, "ऑटोवाल्यांशी बोलायला गं." पण ऑटोने एकट्या जातात कुठे?

संध्याकाळी त्या देवळात गेल्या आणि मला राहवलं नाही. वही उघडलीच. देवनागरीत लिहिलंय: स्टॉप हिअर. वेट फॉर मी. गिव्ह मी माय रिपोर्ट. कसला रिपोर्ट? सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: डोन्ट टेल माय सन.

वही होती तशी उशाखाली ठेवली. समीर आला, जेवला. त्याला काही बोलले नाही. उद्याची रजा मात्र टाकलीय.