धाकटीनं टाकलेला कॉम्प्युटर

३ मार्च, रविवार

टिटवीला नोकरी लागली. मला कळलं धाकटीच्या तोंडून.

माझी नात. माझ्या घरात वाढलेली. तिच्या वेण्या मी घातल्या, फ्रॉकची बटणं मी लावली — आणि बातमी पहिली कुणाला? माझ्या धाकट्या बहिणीला. का, तर तिच्याकडे नवा कॉम्प्युटर आहे आणि त्यावर टिटवी दिसते. माझ्याकडे जुना आहे, त्यावर कुणी दिसत नाही.

दुपारी नेहमीसारखी दोन गल्ल्या चालून तिच्याकडे गेले. दारातच म्हणाली, "ताई, तुला कळलं का?" कसं कळणार? मला काय कावळा येऊन सांगणार होता?

मग पडद्यासमोर बसलो. मधली खुर्ची तिची, मी बाजूला स्टुलावर. टिटवी तिकडून म्हणते, "आजी, तुझं अर्धंच तोंड दिसतंय, जरा आत सरक ना." आत कुठे सरकू? आत धाकटी बसलीये पसरून. रविवारी त्या पोरीला एक तास मोकळा मिळतो. त्यातला पाऊण तास धाकटीनंच खाल्ला.

४ मार्च

मुलगा म्हणतो, आई, फोनवर बोल की तिच्याशी. बोलते. पण माझ्या फोनला बटणं आहेत, तोंड नाही. त्याचा मोठा फोन त्यानं एकदा दाखवला होता. त्यात टिटवी नखाएवढी. ती हसते की रडते ते मला कळेना. माझ्या डोळ्यांना मोठा पडदा लागतो. मोठा पडदा घरात आहे, आणि तोच कामाचा नाही, म्हणून तर जीव जळतो.

हा कॉम्प्युटर धाकटीनंच टाकलेला. तिच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, तिला नवा धाडला तेव्हा हा माझ्या गळ्यात आला. थोरली मी, आणि वापरलेलं मला. लहानपणी तरी उलटं होतं. माझे आखूड झालेले झगे तिला जायचे आणि ती भोकाड पसरायची. मी भोकाड पसरत नाही. लिहिते.

६ मार्च

दुरुस्तीवालीला बोलावलं. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं कपाटाएवढं दुकान आहे. बाई चाळिशीची, केस कापलेले, तोंड सुरू झालं की बंद होत नाही. कॉम्प्युटर लावला, इकडे दाब, तिकडे दाब. दिसण्या-बोलण्याचा जो प्रोग्राम आहे तो म्हणतो, मला नवी सिस्टीम पाहिजे. नवी सिस्टीम म्हणते, हा कॉम्प्युटर फार जुना, मी यात यायची नाही.

"यंत्राला काही झालेलं नाही आजी. कंपनीनं याचं वय ठरवलंय. अमुक सालाच्या आधीच्याला नवी सिस्टीम द्यायची नाही."

"याला पेलणार नाही म्हणून देत नाहीत, की देत नाहीत म्हणून देत नाहीत?"

"पेलेल की. थोडा धापा टाकेल."

म्हणजे देतच नाहीत. ताटात हात आखडून वाढणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, मला लगेच कळलं.

तिच्याकडे तोड आहे. जगात कुठे कुठे बसलेल्या काही लोकांनी, फुकट, एक प्रोग्राम बनवलाय म्हणे. नवी सिस्टीम विचारते, कोणत्या सालचा तू? तो मधल्यामध्ये उत्तर देतो, नवाच आहे, ये.

"म्हणजे खोटं बोलतो," मी म्हटलं.

"थोडंसं."

बोलू दे. वय लपवणारा तो काही पहिला नाही. धाकटी माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, लोकांना सात सांगते.

दुरुस्तीवालीला पैसे नकोत. तिच्या कामाच्या पँटींना खोल खिसे लावून हवेत. खिसे मला डोळे मिटून येतात. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांची उसवाउसव केलीये.

१० मार्च, रविवार

परत स्टुलावर. टिटवीनं केस कापलेत. मी म्हटलं, हे कधी? तर धाकटी मध्येच, "अगं, मला आधीच दाखवले तिनं, गुरुवारी." गुरुवारी! म्हणजे रविवारशिवायही बोलतात.

मी दुरुस्तीवालीचं सांगितलं. धाकटी हसली. "कशाला त्या जुन्याच्या मागे लागतेस ताई? इथे ये की. माझं ते तुझंच." माझं ते तुझंच — हे मधल्या खुर्चीत बसून बोलायला सोपं असतं.

१३ मार्च

आज झालं काम.

दुरुस्तीवालीनं तो प्रोग्राम भरलेली बोटाएवढी काडी खोचली आणि आम्ही बसलो. पडद्यावर एक पांढरी रेघ मुंगीच्या चालीनं सरकत होती. तोवर मी एका पँटीचे खिसे संपवले. मधे दोनदा यंत्र आपोआप बंद होऊन सुरू झालं. मी दोन्ही वेळा सुई टाकून उठले, ती आपली शेंगा फोडत बसलेली.

सुरू झालं, पण आवाज नाही. आणि खिडक्या सरकवल्या की मागे ओल्या कपड्यासारखा डाग राहायचा. ती म्हणाली, आता मागाहूनचं काम. जुन्या यंत्राचे जे भाग नवी सिस्टीम ओळखत नाही त्यांची ओळख करून द्यायची. ते मला समजलं. जुन्या कोटाला नवं अस्तर लावलं की बगलेत ओढतं. मग आतून चार टाके घालावे लागतात, वरून दिसत नाहीत असे. तिनं तसे टाके घातले. आवाज आला.

जाताना बजावून गेली. "एक ऐका. कोपऱ्यात लाल ठिपका येईल. आणखी नवीन आलंय, घेऊ का, असं विचारेल. हो म्हणायचं नाही. ते आलं की माझे टाके उसवतात. आधी मला विचारायचं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" म्हटलं.

१७ मार्च, रविवार

माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, मधोमध. टिटवी पूर्ण दिसली आणि मीही तिला पूर्ण दिसले. तिच्या मागची खिडकीसुद्धा दिसली. काच पुसायला झालीये, सांगितलं तिला.

पण तिचं पहिलं वाक्य काय? "धाकटी आजी कुठंय?"

शेवटी म्हणाली, "आता नोकरीमुळे मला एवढाच तास मिळतो, आजी. रविवारी तुझ्याकडेच लावत जाते. धाकटी आजीला तिथेच बोलव, म्हणजे दोघी एकदम भेटाल."

बोलावते म्हटलं.

संध्याकाळी धाकटीचा फोन. "आली नाहीस आज?" म्हटलं, मला माझ्या घरी दिसते आता. मग "बरं झालं," म्हणाली. कडू औषध गिळल्यावर बोलतात तसं.

२४ मार्च, रविवार

तासभर टिटवी. धाकटीला बोलावलं नाही. विसरले नव्हते.

२६ मार्च

धाकटीनं मुद्दाम बोलावून घेतलं. तिच्या कॉम्प्युटरवर आणखी नवी सिस्टीम आली. पडद्यावर निळं तळं, तळ्यात डोंगर. "आपोआप आलं बघ, मी हातसुद्धा लावला नाही. तुझ्यावर येतं की नाही कोण जाणे."

तळं काही खास नव्हतं. तरी घरी येईस्तोवर डोळ्यांपुढून हललं नाही.

२७ मार्च

सकाळी लाल ठिपका आला. घेऊ का, म्हणाला.

घे म्हटलं.

कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण तिच्यावर तळं आणि माझ्या पडद्यावर जुनाच कोरडा डोंगर, हे मला सहन होईना. रेघ सरकली, यंत्र बंद झालं, चालू झालं — आणि काळ्या पडद्यावर एक गोल, त्यावर आडवी काट. गाडी उभी करू नये अशी पाटी असते ना, तसा. बटण दाबलं, तोच. वायर काढून लावली, तोच.

२८ मार्च

दुरुस्तीवाली आली आणि मला शाळेतल्या पोरीसारखं झापलं. "ज्यांनी तो प्रोग्राम बनवला त्यांचंच अजून या नव्याचं काम चाललंय! कंपनीनं परवा काढली आणि तुम्ही काल घेतली. धीर म्हणून नाही का काही?"

"माझ्या बहिणीवर आली."

"तिचा नवा आहे!"

"तेच तर."

सगळं पुसून पहिल्यासारखं करावं लागेल म्हणे, आणि तिला पुढच्या आठवड्याशिवाय सवड नाही. म्हणजे हा रविवार गेला. म्हणजे स्टूल.

३१ मार्च, रविवार

गेले. न जाऊन काय करते.

धाकटी एका शब्दानं "मी म्हटलंच होतं" म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. स्टुलावर उशी ठेवली होती.

टिटवी आली आणि पहिलाच प्रश्न. "धाकटी आजी, तू दोन रविवार आली का नाहीस? आजीला सांगितलं होतं मी, बोलव म्हणून."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात माझंच तोंड दिसत होतं, अर्धं.

"बोलावलं होतं गं तिनं," धाकटी म्हणाली, "माझेच गुडघे धरले होते."

तिचे गुडघे ठणठणीत आहेत. जिने चढते पोरीसारखी. चार शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत केल्या असत्या आणि हिशेब मिटला असता. हे उलटवता येत नाही. चहा न घेता घरी आले.

४ एप्रिल

कॉम्प्युटर परत सुरू. दुरुस्तीवालीनं लाल ठिपकाच बंद करून टाकला. "तुमचा भरवसा नाही," म्हणाली. दुसऱ्या पँटीचे खिसे घेऊन गेली. खोल झाले नाहीत म्हणून कुरकुरली वर.

७ एप्रिल, रविवार

धाकटीला आज बोलवायचं ठरवलं होतं, खरंच. फोन हातात घेतला तर ती दारात उभी.

"ताई, माझा बंद पडला गं. पडदाच लागत नाही."

मला हसू आवरेना. नवा कोरा, तळंबिळं, आणि बंद पडला. माझा म्हातारा धापा टाकत का होईना, चालतोय. "ये, ये," म्हटलं. "माझं ते तुझंच."

आत आली ती सरळ मधल्या खुर्चीत बसली. सवयीनं.

१४ एप्रिल, रविवार

परत आली. अजून बंदच. भाच्याला कळवलंस का विचारलं, तर "त्याला वेळ कुठे असतो."

तासभर तीच बोलली. टिटवीच्या साहेबाची नक्कल करून दाखवली. तो साहेब हिनं कधी पाहिलेलाही नाही. टिटवी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मला अशा नकला येत नाहीत. मी विचारते, जेवलीस का, आणि ती सांगते, जेवले. झालं आमचं बोलणं.

माझं घर, माझा पडदा, माझी नात, आणि मी स्टुलावर.

१६ एप्रिल

बाजारात दुरुस्तीवालीला गाठलं. म्हटलं, माझ्या बहिणीकडे जा, काय वाटेल ते कर, पण रविवारच्या आत तिचा चालू कर. तिच्या जाकिटाची चेन बदलून देईन. "एवढी माया?" म्हणाली. म्हटलं, माया नाही. मला माझी खुर्ची हवीये.

२१ एप्रिल, रविवार

सकाळी दुरुस्तीवाली जाकीट घेऊन आली. म्हणाली, "तुमच्या बहिणीच्या कॉम्प्युटरला धाड भरलेली नाही. वायर काढून टॉवेलांखाली ठेवली होती त्यांनी. मी लावली, लगेच सुरू झाला. तर म्हणाल्या, परत काढ, ताईला सांगू नकोस." आणि म्हणाली, आतली यादी पाहिली, त्या कॉम्प्युटरवर आजवर टिटवीशिवाय कुणी बोललेलंच नाही. भाचा एकदाही नाही.

सांगू नकोस म्हटलेलं सांगितलं म्हणून तिला खडसावलं. जाकीट ठेवून घेतलं.

दुपारी धाकटी आली. विचारलं, "झाला का दुरुस्त?"

"नाही गं. कसलासा भाग मिळत नाही म्हणे."

"नव्यांचे भाग लवकर मिळत नाहीत," मी म्हटलं. "वर्ष लागेल."