जावयाच्या यकृताबद्दलच्या तक्रारी नोंदवून घेणेबाबत

प्रति,
मा. पाठपुरावा अधिकारी,
यकृत प्रत्यारोपण विभाग,
मुख्य रुग्णालय.

विषय : 'तक्रार नाही' असा शेरा मारून बंद झालेली माझी फाइल (क्र. ४१७) उघडून तपासणीची लवकरची तारीख मिळणेबाबत.

संदर्भ : आपले आठ महिन्यांपूर्वीचे पत्र, ज्याला मी उत्तर दिले नाही.

महोदय,

संदर्भातील पत्र मला वेळेवर मिळाले होते. पोस्टमनची काही चूक नाही. प्रत्यारोपणानंतर जाणवणारे सर्व त्रास सोबतच्या तक्त्यात भरून पाठवावेत; दोन महिन्यांत उत्तर न आल्यास 'तक्रार नाही' असे समजून फाइल बंद होईल व तपासणी दर तीन महिन्यांऐवजी वर्षातून एकदा होईल, असे आपण स्वच्छ कळवले होते. मी ते पत्र सहा वेळा वाचले आणि शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवून दिले.

असे का केले, हे सांगणे भाग आहे. मी छत्तीस वर्षे ग्रंथालयात पुस्तकांची कार्डे लिहिली. कोणताही तक्ता समोर आला की मी आधी रकाने बघतो. आपल्या तक्त्यात 'दात्याचे नाते' आणि 'तक्रारी' हे रकाने एकमेकांना खेटून आहेत, आणि तळाशी 'प्रत : दाता यांस माहितीसाठी' असे छापले आहे. माझे दाते माझे जावई आहेत. सासऱ्याने जावयाला द्यायचे असते. इथे मी त्यांच्या यकृताचा भलाथोरला तुकडा घेऊन बसलो आहे. त्यापायी त्यांचे दोन महिने अंथरुणात गेले. आता 'जावई' या शब्दाशेजारी 'तक्रारी' लिहून त्याची प्रत त्यांनाच धाडायची? 'धर्माची गाय अन् दात का नाय' म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. म्हणून जे जे होत गेले ते ते झाकत गेलो. आज ते क्रमाने नोंदवतो.

१. हात थरथरतात. भरलेला कप उचलला की निम्मा चहा बशीत. म्हणून मी अर्धाच कप घेऊ लागलो आणि घरात सांगितले की म्हातारपणी मनुष्याने बेताने राहावे.

२. गोळ्यांनी चेहरा सुजून वाटोळा झाला आहे. ग्रंथालयाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने माझे कार्ड बघून म्हटले, "काका, हे तुमच्या बारीक भावाचं दिसतंय. त्यांनाच पाठवा." मला भाऊ नाही. तरी मी "बरं" म्हणून परत आलो.

३. आयुष्यभर डब्यात राहिलेली साखर आता रक्तात राहायला आली आहे. एक गोळी म्हणते खा, साखर म्हणते खबरदार.

४. शरीराने नवे यकृत परके समजून हाकलू नये म्हणून आतल्या पहारेकऱ्यालाच औषधाने पेंग आणलेली असते. त्यामुळे कोणताही जंतू खुशाल आत शिरू शकतो, हे मला समजावले होते. जुन्या पुस्तकांच्या बुरशीपासून जपावे म्हणून मी मास्क लावून वाचतो. चष्म्यावर वाफ धरते. सध्या मी रहस्यकथा वाचत असून त्यातले सर्व खून धुक्यात होत आहेत.

५. डोके दुखते, पाय सुजतात. हे शेवटी लिहीत आहे, कारण हेच आधी लिहायला हवे होते. गेल्या आठवड्यात जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. मूत्रपिंडाचा आकडा दुपटीवर गेला आहे. त्यांच्या मते नव्या यकृतासाठीच्या औषधाची रक्तातली मात्रा जास्त झाली असावी. हातही त्यानेच हलत असावेत. ती वेळीच कमी झाली नाही तर मूत्रपिंडे हातची जातील. परंतु ती मोजून कमी करण्याचे काम आपल्या विभागाचे, आणि माझी पुढची तारीख चार महिन्यांनंतरची.

हे सर्व उघडकीस आणण्याचे श्रेय माझे नाही. जावई लिफ्ट दुरुस्त करतात. रविवारी चहाच्या वेळी म्हणाले, "बाबा, अर्धा कप का?" उत्तर देण्यापूर्वीच त्यांनी माझ्या मनगटावर तळवा ठेवला, मोटरवर ठेवतात तसा, आणि डोळे मिटले. "कधीपासून?"

पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आठ महिने झाले, जावईबापू. तुमची अब्रू सांभाळतायत. कागद कोशात आहे, तिसरा खंड. रोज धूळ पुसते त्याच्यावरची."

जावयांनी पत्र वाचले. मला वाटले, आता वाईट वाटून घेणार. ते म्हणाले, "बाबा, प्रत्येक लिफ्टची एक वही असते. जरा कुरकुर झाली की वॉचमननं लिहायची. जो लिहितो, त्याच्या इमारतीत मी बिनधास्त लिफ्टनं जातो. जो रोज 'सगळं ठीक' लिहितो ना, त्याच्याकडे मी जिन्यानं चढतो." आणि पुढे, "माल माझा आहे, चांगलाच आहे. पण जुन्या वायरिंगशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. लिहा सगळं."

"अक्षर थरथरतंय," मी म्हणालो.

"मग थरथरतं लिहा. तीच तर तक्रार आहे!"

तरी विनंती की, माझी फाइल उघडून 'तक्रार नाही' हा शेरा खोडावा. तो खोटा असून त्यास मी जबाबदार आहे. औषधाची मात्रा मोजण्यासाठी याच आठवड्यातली तारीख द्यावी. मी सकाळी उपाशीपोटी, कितीही वेळ बाकावर बसेन. सोबत पुस्तक असतेच. आणखी एक, धिटाई वाटल्यास हे वाक्य वाचू नये : पुढील तक्ते छापताना नाते आणि तक्रारी यांच्यामध्ये निदान एक रिकामा रकाना सोडावा. माझ्यासारखे आणखी सासरे असतील.

उशिराबद्दल शरमिंदा आणि उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
(सही तिसऱ्या प्रयत्नाची आहे, पण माझीच आहे.)
फाइल क्र. ४१७
दिनांक : पाकिटावरील शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. भरलेला तक्ता (मागची बाजूही पाहावी)
२. रक्ततपासणीचा अहवाल
३. दात्याची चिठ्ठी : "सगळ्या तक्रारी वाचल्या. राग नाही. लवकर बोलवा."

ता. क. : हे पोस्टाच्या खिडकीशी उभ्याने लिहीत आहे. पाकीट मी दोनदा परत मागून घेतले. एकदा अहवाल आत आहे ना ते बघायला आणि एकदा 'हातची जातील' हे फार झाले का, या शंकेने. ते तसेच राहू दिले आहे. खिडकीतल्या बाई म्हणतात, "काका, आता तिसऱ्यांदा मागितलंत तर मी देणार नाही हं." त्यांच्याच डिंकाने पाकीट चिकटवून त्यांच्या हातात देत आहे.