अर्ध्या पानांचा दिवा

मंगळवार, १९ मे

प्रिय टिटवे,

सकाळी सहाला उठलो. चहा केला. तुझ्या काकूचा कप ओट्यावर काढला आणि परत ठेवला, कारण ती बहिणीकडे गेली आहे. मग मागच्या शेडचं कुलूप काढलं, खिडकी उघडली, केर काढला. दुपारपर्यंत तिथेच होतो. घरात येऊन कालचं उरलेलं खाल्लं, आणि आता लिहायला बसलोय. एवढाच आजचा दिवस.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. नोकरीभर विजेचे मीटर तपासले, आणि मीटरबद्दल जे काय लिहायचं ते दोन ओळींत संपतं. खरं तर फोनच करणार होतो. दोनदा हातात घेतला. पण फोनवर तू लगेच ‘काका, ऐका ना’ म्हणून सुरू होतेस आणि मी ऐकत बसतो, माझं राहूनच जातं. तुझं नाव आमच्या लेकीने, घुमीने, उगाच ठेवलेलं नाही. तिला आम्ही घुमी म्हणायचो आणि तिने तुला टिटवी केलं. काकू म्हणायची, एक तोंड उघडत नाही, दुसरी मिटत नाही, दोघींना एकत्र मळून पुन्हा घडवलं तर दोन बऱ्या मुली निघतील.

तुमच्या मातीकामातलं शेडमध्ये आता फारसं काही उरलेलं नाही. ज्यांनी दिवे सांगून ठेवले होते त्यांचे मी वायरिंग पुरं करून पोचवले. वाट्या, कप, ते तिरक्या तोंडाचे जग, काकूने ज्याने मागितलं त्याला देऊन टाकलं. मला न विचारता दिलं. रिकाम्या फळ्यांवर जिथे जिथे भांडी होती तिथे गोल राहिले आहेत, बाकी सगळीकडे धूळ. भट्टी बंद आहे. माझं स्टूल आहे, माझी पक्कड आहे. पहिला दिवा आपण लावून बघितला तेव्हाचं मला नेहमी आठवतं. मी बटण दाबलं आणि अख्ख्या घराची वीज गेली. घुमी अंधारात नुसती उभी होती. तू म्हणालीस, ‘काका, तुम्ही वीज खात्यातून रिटायर झालात की खात्याने सुटका करून घेतली?’ घुमीला हसताना आवाज यायचा नाही, पण तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो हलत होता, म्हणून मला कळलं.

तर तो मोठा दिवा. तुम्ही दोघी त्याला भोपळा म्हणायचात. कमरेइतका उंच, मातीच्या वळ्या एकावर एक रचून घुमीने बांधलेला, आणि वरून पूर्ण मिटवलेला. त्याच्या अंगावर पानं लावायची होती, आणि प्रत्येक पानाखाली एक फट, म्हणजे उजेड पानांच्या आडून यावा. पानं तुझी. तू तळहातावर मातीची गोळी दाबून इतकं पातळ पान काढायचीस की मला वाटायचं फाटेल. दोन्हीकडे ओरखडे काढायचे, पातळ चिखल लावायचा आणि दाबायचं. मी एकदा विचारलं होतं की वाळल्यावर चिकटवली तर चालणार नाहीत का. तेव्हा घुमी म्हणाली, ‘नाही बाबा. दोन्ही सारखी ओली लागतात. एक वाळलेलं आणि एक ओलं असलं तर चिकटल्यासारखं दिसतं, आणि भट्टीत सुटतं.’ एका दमात तिने एवढी वाक्यं बोललेली मी फार वेळा ऐकलेली नाहीत.

तुझी पानं खालून निम्म्यापर्यंत आली होती, तेव्हा तुमचं भांडण झालं. मी स्टुलावर बसून वायर सोलत होतो. एका कंपनीची मोठी ऑर्डर आली होती, तिला दिवे साच्यातून काढून हवे होते, एकासारखे एक, आणि तुला ते काम घ्यायचं होतं. घुमी म्हणाली, साच्यातून काढला तो दिवा नसतो, बल्बचं झाकण असतं. तू म्हणालीस, मग बस तुझ्या भोपळ्याला कुरवाळत, मला पोट आहे. तुझंही खरं होतं. ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही म्हणूनच तू जास्त चिडलीस. मग तू त्या टाइल्सच्या कारखान्यात नोकरी धरलीस आणि गेलीस.

तू गेल्यावर इथे काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही, ते आज लिहितो. घुमी रोज सकाळी सगळ्यात आधी त्या दिव्यावरचा प्लास्टिकचा कागद काढायची, बाटलीने पाण्याचा फवारा मारायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. वाळू द्यायचा नाही. वाळला की मग पान लागत नाही. मी म्हटलं, अगं, एवढा व्याप कशाला, तूच लाव की उरलेली. म्हणाली, ‘माझी जाड होतात. ती तिचीच.’ काकूने विचारलं, ती येणार आहे का पण? घुमी म्हणाली, ‘येईल. तोंडाने टिटवी आहे, पायाने कासव.’ रागाचं एक अक्षर मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. तू मनात काय धरून बसली आहेस मला माहीत नाही, पण ती चिडलेली नव्हती. ती तुझी वाट बघत होती, आणि तिच्या पद्धतीने बघत होती.

ताप आला तेव्हा आम्हाला वाटलं नेहमीचाच. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हाही ती पायाने चालत गेली, चप्पल सुद्धा स्वतः घातली. दारात थांबून मला म्हणाली, ‘बाबा, दिव्याला पाणी. भिजवायचा नाही हां. आरशावर श्वास सोडतो ना, तेवढंच.’ मी रोज सकाळी घरी येऊन फवारा मारायचो आणि परत जायचो. ती रोज विचारायची, मारला? मी म्हणायचो, मारला. पुढे तिला बोलता येत नव्हतं तेव्हा ती माझ्याकडे नुसती बघायची, आणि मी म्हणायचो, मारला गं. शेवटच्या दिवशी मी घरी गेलोच नव्हतो. तिने बघितलं आणि मी मारला म्हटलं.

तिला घरून शेवटचं नेलं त्या दिवशी तू आली होतीस. काकूला दिसली नाहीस, मला दिसलीस. फाटकाबाहेर उभी होतीस, आत आली नाहीस. त्यानंतर तुझा फोन आला. तू म्हणालीस, ‘काका, भोपळा टाकू नका. मी येते, मी पुरा करते.’ मी हो म्हणालो.

तेव्हापासून मी तो ओला ठेवत होतो. काकूला हे आवडायचं नाही. ती शेडमध्ये यायचीच नाही, दारातून म्हणायची, ‘त्या मातीला पाणी पाजताय, स्वतः सकाळपासून घोटभर प्यायलात का?’ एकदा म्हणाली, ‘अहो, ती नाही यायची. कोणी येत नसतं.’ मी म्हटलं, तिने सांगितलंय. तुझे फोन येत होते. कधी रजा मिळाली नाही, कधी कारखान्यात तपासणी होती, कधी तू नुसतंच ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणालीस. खोटं कशाला लिहू, मधे एकदा मी तुझ्यावर फार चिडलो होतो. मग शेडमध्ये गेलो आणि कुलूप काढून आत पाऊल टाकायला मलाच किती वेळ लागतो ते लक्षात आलं. मी तर इथे राहतो. त्यानंतर चिडलो नाही.

उन्हाळा सुरू झाला तशी माती वरून लवकर सुकायला लागली. वरचा भाग, जिथे पानं नाहीत, तो सकाळी हाताला कोरडा लागायचा आणि मला धसका बसायचा. मग मी संध्याकाळीही मारायला लागलो. मग दुपारीही. तिने सांगितलेलं विसरलो नव्हतो, पण श्वासाएवढं म्हणजे नेमकं किती हे माझ्यासारख्या माणसाला कळत नाही. मला वाटायचं, कमी पडण्यापेक्षा थोडं जास्त बरं. पाणी ओघळून खाली जात होतं आणि तळाशी साठत होतं. कागदाच्या आत ते दिसत नव्हतं.

आज सकाळी कागद काढला तर दिवा बसला होता. पडला नाही, फुटला नाही, बसला. खालचा भाग लोण्यासारखा झाला आणि वरचं सगळं वजन त्यात उतरलं. तुझी पानं खालीच होती, ती सगळी आत दाबली गेली. एक बाजू उभी उघडली आहे. मी आधी हाताने सावरायला गेलो, तर माझी बोटं आतच गेली. मग हात लावला नाही.

ती बाजू उघडल्यामुळे आतलं दिसलं. वळी वळीवर दाबताना आतून अंगठ्याने दाबावं लागतं, त्या अंगठ्यांच्या रांगा आहेत, बसलेल्या भागाच्या वरून थेट टोकापर्यंत. लहानपणी पत्र्याने तिचा अंगठा कापला होता, टाके पडले होते, तुला ती खूण माहीत असेल. ती आडवी रेघ प्रत्येक ठशात आहे. दिवा पुरा झाला असता तर हे कोणालाच दिसलं नसतं, आत नुसता बल्ब असता. मी स्टूल ओढून समोर बसलो. दुपारपर्यंत तेच केलं.

ती असती तर म्हणाली असती, बादलीत टाका, भिजेल, मळून पुन्हा वापरता येईल, न भाजलेली माती वाया जात नाही. ते मला कळतं. पण ते ठसे पाण्यात घालणं मला जमणार नाही. भाजायचं म्हटलं तर तडकेल, आणि ही भट्टी मला पेटवता येत नाही. म्हणून तो तसाच उघडा ठेवलाय. चार-आठ दिवसांत वाळेल, मग कोणी धक्का दिला की भुगा होईल. त्यावर मला काही उपाय सापडत नाही.

पत्र एवढ्यासाठीच लिहिलं की आता तू त्या दिव्यासाठी येऊ नकोस. पुढच्या महिन्याची रजा टाकली असशील तर परत घे. तू उशीर केलास म्हणून तो बसला असं मनात आणू नकोस. तो वाळून नाही गेला, पाण्याने गेला, आणि पाणी मी घातलं. मी सगळ्यांना सांगत होतो की टिटवीसाठी ओला ठेवतोय. ते खरंच होतं. पण तो ओला होता तोवर अर्धा होता, आणि तिचं काहीतरी अजून व्हायचं आहे म्हणून मला सकाळी उठता येत होतं. उद्या सकाळी उठून काय करायचं ते मला माहीत नाही. हे काकूला सांगता येत नाही आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळायचं नाही, म्हणून तुला लिहिलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

बाटलीतलं पाणी ओतून दिलं. प्लास्टिकचा कागद चिखलाने भरला होता, तो बाहेर नळाखाली धुऊन वाळत घातला होता. आत्ता मधेच उठून तो काढून आणला. तुम्ही दोघी त्याची दोन-दोन टोकं धरून झटकायचात आणि जवळ येत घडी घालायचात, ते मी स्टुलावरून बघायचो. मी एक बाजू खिडकीच्या गजाला अडकवली, दुसरी धरून मागे चालत गेलो, आणि मग पुढे. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा घडी घातली. वाकडी आली आहे. फळीवर ठेवली.

तुमच्या वायरी ओढणारा, अजून तुझाच,
काका